दुरासिदचा पाट

१४ जुलै

—कोंबड्यांना कोंडा टाकून झाला होता, चुलीवर भात रटरटत होता, मी वेताचे कोंब सोलत होते आणि हा पायरीवर बसून फावड्याला धार लावत होता. म्हणाला, "लुंदीच्या आई, आज नदीपाशी पोचतो बघ!" आणि पोचला. आमच्या रबराच्या झाडांपासून नदीपर्यंत पाट, अकरा उन्हाळे, एकट्याने.

हे आज आठवलं, कारण तिवीचा बाप कागद घेऊन आला होता. गावच्या जंगल-समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तो कागदाशिवाय दिसत नाही. पाटांनी दलदल सुकते म्हणून सगळे पाट बांध घालून अडवायचेत. आमच्यात पाट खणणाऱ्याचा असतो, त्याच्या मागे त्याच्या बायकोचा. ती हो म्हणेपर्यंत कोणी त्यात एक खुंटी ठोकत नाही.

"अंगठा द्या नुसता," म्हणाला.

"मला सही येते," म्हटलं. "पण करणार नाही."

१५ जुलै

एकोणतीस.

समितीने जमिनीत पुरलेल्या पाइपात रोज सकाळी काठी घालून पाणी किती खाली आहे ते बघायचं, हे माझं काम. अक्षरं मी रोपांच्या पिशव्यांवरच्या नावांवरून शिकले, आकडे या काठीवरून. इथली माती कुजक्या पाल्याची; पाणी चाळीस सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की ती पेटू शकते. आतून.

२२ जुलै

हसून हसून पोट दुखतंय! समितीने शेजारचा पाट बांध घालून अडवला. खांब, फळ्या, फोटो, भाषण. टाळ्याही झाल्या. मग लक्षात आलं— सगळ्यांच्या होड्या आतल्या बाजूला! अध्यक्षांची मोटरहोडी तर सगळ्यात आत.

मी काठावरून ओरडले, "अहो अध्यक्ष, पंख लावा तिला!"

"तुम्ही हसा! तुमचा पाट मोकळाय ना!"

शेवटी चिखलातून ओढत आमच्या पाटात आणल्या. आता गाव ऊठसूट म्हणतं, 'दुरासिदच्या पाटाने चला.' त्याचं नाव दिवसातून दहादा कानावर येतं. मी मुद्दाम काठावर बसून भांडी घासते.

२७ जुलै

त्याच्या होडीला तेल दिलं. उलिनचं लाकूड, पाण्यात सडत नाही. तीन वर्षं पाटात एका जागी बांधून ठेवली आहे. लुंदी म्हणते, "आई, वापर तरी, नाहीतर देऊन टाक." दोन्ही करत नाही.

३ ऑगस्ट

अडतीस. नदीपलीकडे धूर.

समितीचं पत्रक तिसऱ्यांदा वाचलं. 'पाट खणले की कालिमंतानच्या दलदलीतलं पाणी नदीला जातं. सुकलेली माती मग महिनोन्‌महिने आतून जळते.' लिहिणारा आमच्या घरी कधी जेवला नाही, तरी त्याला सगळं ठाऊक!

लुंदीचा बाप गेला तेव्हा असाच धूर होता. चौदा दिवस खोकला. डॉक्टर म्हणाले, धुरानं. धूर कशानं, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

९ ऑगस्ट

त्रेचाळीस.

१० ऑगस्ट

आमच्या मागच्या तुकड्यात आग शिरली. ज्वाळा नाहीत, नुसती ऊब पायाखाली. मी लावलेली पांतुंगची दोनशे रोपं! दुपारपर्यंत हिरवीगार उभी होती, मग एकेक आडवं होत गेलं. उचलून बघितलं— मुळंच नाहीत. शंभराच्या वर गेली.

तिवीचा बाप सकाळपासून बादल्या वाहत होता. तोंड काळं, एक भुवई जळलेली. कागद काढला नाही, पाटाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडले असते. लुंदी ओल्या फडक्यात खोकत होती. तो खोकला मला ओळखीचा आहे.

संध्याकाळी मीच विचारलं, "शेजारचा बांध टिकला का?"

"कसला टिकतो! माती भुसभुशीत, फळ्यांच्या कडेनं पाणी वाट काढतं. पोटात काहीतरी जड पाहिजे, न सडणारं."

"आमचा अडवला तर नाव काय राहणार? पाट तर उरणार नाही."

त्यानं डोकं खाजवलं. "दुरासिदचा बांध म्हणू."

"त्यानं बांध कुठे बांधला? जन्मात एक कुंपण सरळ घातलं नाही त्यानं!"

तो हसला. मीही हसले. मग मला तिथे बसवेना.

१२ ऑगस्ट

काल सही केली. आधी सगळ्यांच्या होड्या पाटातून नदीत काढायला लावल्या. त्याची काढली नाही. पाटाच्या तोंडाशी नैवेद्य म्हणून अंडं आणि त्याची तंबाखू ठेवली, दोन्ही काठ खणून घेतले, त्याची होडी आडवी लावली, मातीच्या पोत्यांनी भरली आणि बुडवली.