डावखुरा घोडेस्वार

१९ नोव्हेंबर
सापडला! आमचा घोडेस्वाराचा सिनेमा! नातीने, स्नेहलने, टीव्हीवर शोधून काढला. लग्नाच्या वर्षी मी नि रंगूने कळवणच्या जत्रेत तंबूत पाहिलेला. बुरुजावरून उडी, खाली घोडा, हातात तलवार — शाळेत घोडदौडीच्या कविता घोकल्या, पण त्यांतला घोडा मला पहिल्यांदा भेटला तो त्या पडद्यावर. रविवारी सगळ्यांनी मिळून बघायचा.

२० नोव्हेंबर
सोमनाथ आज स्पष्टच बोलला. "आबा, आईला आता फुलबाजारात पाठवायला नको. परवा लग्नाच्या हारांची ऑर्डर विसरली. गिऱ्हाईक माझ्यावर ओरडलं."
पोराचं खोटं नाही. दिवाळीत मी न्हाणीघरात पडलो, त्या धावपळीत विसरत असेल असं आधी वाटलं. पण विसरणं थांबेना. तरी पंचवटीतला तो गाळा म्हणजे रंगूचा गड! तो काढून घेतला तर बाई सुकून जाईल. सोमनाथ बोलत होता तेव्हा ती मुकाट्याने मेथी निवडत होती. मलाच बघवेना.

२१ नोव्हेंबर
स्नेहल म्हणाली, "आजी, तुमचा हिरो कसा होता गं?"
"डावखुरा व्हता."
मी म्हटलं, "छे! तलवार उजव्या हातात होती."
"तुमी तलवार बघितली, मी हात बघितला. डावखुराच व्हता!"
सोमनाथने माझ्याकडे पाहिलं. बघा, हेही विसरली — असंच ती नजर म्हणत होती.

२३ नोव्हेंबर, रविवार
पाहिला. तलवार उजव्या हातात. सोमनाथ हळूच म्हणाला, "बघितलंत ना, आबा?"
तरीही — ती उडी आली नि अंगावर काटा! या वयात! का आवडतं हे? उडी घेतली की खाली घोडा असतोच, म्हणून असेल. आपल्या आयुष्यात असा भरवसा कुठला!
रंगू म्हणाली, "उडी मारनारा समद्यांना दिसतो. घोडा धरून उभी ऱ्हाते ती कोनाला दिसती व्हय?"
पुन्हा लावून बघितलं. खरंच — कोपऱ्यात एक बाई, हातात लगाम! एवढी वर्षं मी उडीच बघत होतो.

२४ नोव्हेंबर
आंघोळ करताना एकदम आठवलं! तंबूत पडदा मधोमध असायचा. पुरुष पुढून बघायचे, बायका मागून. मागून सगळं उलटं दिसायचं — उजवा हात डावा! रंगूला जे दिसलं, तेच ती सांगत होती!
सोमनाथ ऐकेना. "जुनं सगळ्यांनाच आठवतं, आबा. कालचं काय?"
तेवढ्यात ओट्यावर रंगू शेजारच्या भागीबाईला कालचा सिनेमा सांगत होती. मी त्याला दाराआड उभं केलं. लढाया, फितुरी, कोण कुणाचा भाऊ — एक प्रसंग चुकला नाही! सोमनाथ कान खाजवत म्हणाला, "बरं, जाऊ दे तिला बाजारात. उद्यापासून मीच गाडीने सोडतो."
जिंकलो! रंगूला जाऊन सांगितलं. ती नुसतं "हं" म्हणाली. ऊर भरून आला असेल.

२५ नोव्हेंबर
रंगू गेली नाही. दोघांचा चहा घेऊन समोर बसली.
"लय हुशार तुमी! मी किती कष्टानं विसरत व्हते, ठाव हाय का?"
मी कप खाली ठेवला.
"तुमी पडल्यापासून जीव नाय लागत बाजारात. हार गुंफताना वाटतं, घरात एकटं मानूस, पुन्हा पडलं तर? पन तुमच्यासाठी घरी बसते म्हटलं असतं, तर बसू दिलं असतं का?"
नसतं दिलं.
सोमनाथ गाडीची किल्ली घेऊन आला. मी म्हटलं, "तुझंच बरोबर होतं रे. विसरते ती. राहू दे घरीच."