तुवालेईतलं माझं लग्न

स्टॅनमोर, रविवार

ती. उल्कामावशीस,

देविकाचा साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे की साष्टांगातली दोन अंगं दाराबाहेर राहतात, तरी गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? काकांची हार्मोनियम शेजाऱ्यांना अजून सोसवते ना? मी मजेत आहे. मजेतच म्हणायचं, कारण मावशी, गेल्या मंगळवारी माझं लग्न झालं.

किंचाळू नकोस, पुढे वाच. आमची कंपनी तुवालेई नावाच्या चिमुकल्या बेटांच्या देशासाठी सरकारी कामांची वेबसाइट बनवते, हे तुला माहीत आहेच (तू सगळ्यांना "देविका सरकारात आहे" असं सांगत फिरतेस, तेही मला माहीत आहे). तिथे आजवर लग्न नोंदवायचं तर बोटीने राजधानीच्या बेटावर जावं लागे, आणि समुद्र खवळला की नवरा-नवरी वऱ्हाडासकट अडकून पडत. आता ते फोनवर होणार. नोंदणी नीट चालते का हे बघायला एक खोटं जोडपं हवं होतं, म्हणून मी वधूच्या जागी माझं नाव घातलं आणि वराच्या जागी शेजारच्या डेस्कवरच्या परीक्षितचं. (पुण्याचा आहे. डबा खाताना कोणाशी बोलत नाही, पण लोणच्याची एक फोड माझ्यासाठी ठेवतो.) साइट सुरू होण्याआधी ही नोंद पुसायची होती. त्याला वाटलं मी पुसली, मला वाटलं त्याने.

मंगळवारी तिथल्या विवाह निबंधक मिसेस ओफा व्हिडिओ कॉलवर आल्या त्या डोक्यात फुलं माळूनच. मागे त्यांचं अख्खं ऑफिस गात होतं. आमचं लग्न देशातलं पहिलं ऑनलाइन लग्न ठरलं होतं, रेडिओवर सांगून झालं होतं आणि मंत्रीमहोदयांनी मेजवानीला डुक्कर भाजायला घातलं होतं. मी ओरडले, "मॅडम, ते टेस्टिंग होतं! रद्द करा!"

त्या गोड हसून म्हणाल्या, "रद्द करायची सोय दुसऱ्या टप्प्यात येणार, असं तुम्हीच कळवलंय."

मी परीक्षितकडे पाहिलं. आता हा सगळं समजावून सांगेल. त्याने म्यूट काढला, घसा खाकरला आणि म्हणाला, "थँक यू." बस्स!

कॉल संपल्यावर मी त्याला ऑफिसच्या किचनमध्ये गाठलं. "थँक यू काय, थँक यू?"

तो किटलीकडे बघत म्हणाला, "त्या इतक्या खूश होत्या गं. आणि खरं सांगू? मीपण झालो."

किटली उकळून बंद पडली. मग मला हसू फुटलं ते थांबेचना, आणि त्यालाही.

असो. रद्द करायची सोय घाईघाईने बनवून ती नोंद काल रीतसर पुसली (मिसेस ओफा रडल्या). मी पुन्हा अविवाहित आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही.

तुझी लाडकी,
देविका

ता. क. : नोंद पुसली खरी, पण आता खरंच करायचं ठरलंय. आईला तू सांग. माझं ऐकायच्या आधीच ती रडायला लागते.

ता. क. २ : लग्न नागपूरला. मिसेस ओफा, मंत्रीमहोदय सपत्नीक आणि ते गाणारं ऑफिस, सगळे येतायत. ते तुझ्याकडेच उतरतील असं मी कळवून टाकलंय. गाद्या पुरतील ना?