मास्तरांचा ब्रेक

प्रिय दादा,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझे हात कायम ग्रीसने माखलेले, म्हणून तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि अख्खं गॅरेज आमची खबरबात ऐकतं. मला लिहायचंय ते तुझ्या एकट्यासाठी आहे. आम्ही इस्पितळात पोचलो. मास्तर आत आहेत, डोक्याला वायरींचं जाळं लावून, आणि मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. ऑपरेशन करता येईल की नाही ते या तपासण्यांवर ठरणार. ही तारीख किती मिनतवाऱ्या करून मिळाली ते तू जाणतोस. चुकली असती तर पुन्हा वर्षभर वाट बघायची, आणि दर फिटनंतर त्यांना थोडं आणखी विसराळू होताना बघायचं. ती तारीख जवळजवळ चुकलीच होती.

मास्तरांना अपस्मार आहे हे कळलं आणि त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलची पाटी स्वतःच्या हाताने उतरवली, तेव्हा गाडी विकून टाकू म्हणून मी हटून बसले होते. ते म्हणाले, तू शिक. अर्ध्या गावाला शिकवलं, बायकोच तेवढी राहिली. मी, सायकलवरूनही पडणारी! शेवटी मी एकाच अटीवर तयार झाले: त्यांच्या सीटपुढचा जास्तीचा ब्रेक, शिकाऊ माणूस गांगरला की मास्तरांनी दाबायचा, तो तसाच राहिला पाहिजे. किल्ली फिरवण्याआधी मी विचारायची, ब्रेक आहे ना? ते पाय ठेवून म्हणायचे, आहे, काढ गाडी. पुढे डॉक्टर म्हणाले की फिटमध्ये पाय ताठतात, आणि त्या ब्रेकनेच माझ्या जिवाला घोर लावला. भरधाव गाडीत तो दाबला गेला तर मागचा ट्रक सरळ आमच्या अंगावर. मागे बसा म्हटलं, तर म्हणाले, मागे बसून काय माश्या मारू? मला वाटायचं, माणसाची मास्तरकी काही सुटत नाही.

विमान सकाळचं होतं. म्हणजे झोप अपुरी, आणि अपुरी झोप म्हणजे फिटला आवतण. गोळी वेळेवर दिली, फिट लांबली तर नाकात मारायचा फवारा पर्समध्ये वरच ठेवला, तरी सगळा रस्ता माझा एक डोळा समोर आणि एक त्यांच्या बुटावर. ते आपले नेहमीसारखे, आरशात बघ, लेन सोडू नकोस, एवढं आवळून धरलंस तर स्टिअरिंग उपटून येईल. मग एकदा म्हणाले, आरशात, आणि पुढे काही बोललेच नाहीत. घशातून तो आवाज आला. मान वळली, आणि पाय ताठ होऊन ब्रेकवर खाडकन बसला. मागे ट्रक होता, दादा. आरसा त्यानेच भरला होता. मी दात आवळले आणि मनात म्हटलं, संपलं.

गाडी चालतच राहिली. जराही अडखळली नाही. त्यांचा पाय पेडल पार तळाशी रेटत होता आणि गाडी आपली माझं ऐकत होती. इंडिकेटर दिला, ट्रक जाऊ दिला, कडेला घेतली. सीट मागे पाडली, त्यांना कुशीवर केलं, कॉलर सैल केली. आचके थांबले, श्वास सुरळीत झाला आणि ते घोरायला लागले. मग वाकून पेडलच्या खाली बघितलं. जोडणी सोडवलेली, आणि वायरचं टोक वाकवून त्यावर दोन वेढे लाल चिकटपट्टी. आईच्या मिक्सरपासून तुझी तीच सवय आहे. डॉक्टरांकडून आल्या आल्या, गाडी तुझ्या दादाकडे सर्व्हिसिंगला देतो, म्हणाले होते, ते हे होय! राग आला तुझा, खोटं कशाला बोलू. दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत. पण दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं की उड्डाणपुलाचा चढ, बाजारातली गर्दी, रिव्हर्समध्ये खांब चुकवणं, हे सगळं इतके दिवस मी एकटीने केलंय. तोवर घरी परतायचं ठरवलं होतं. मी डोळे पुसले आणि गाडी विमानतळाकडेच काढली.

काउंटरवर सगळं खरं सांगितलं. बसवून ठेवलं आम्हाला. विमानतळावरच्या डॉक्टरीणबाई आल्या, तपासलं, आमच्या डॉक्टरांशी बोलल्या. मी घड्याळाकडे बघायचंच टाळलं. शेवटी बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून मास्तरांना विचारलं, ह्या कोण? मास्तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग जड जिभेने म्हणाले, माझी सगळ्यात ढ विद्यार्थिनी. बाई हसल्या आणि सही केली. विमानात आम्ही दोघंही पहिल्यांदाच. ते धावायला लागलं तशी मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मास्तरांना गाडीतलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, विमानाच्या फरशीवर पाय रोवला आणि पुटपुटले, घाबरू नकोस, ब्रेक माझ्याकडे आहे. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, मी उंचीला घाबरले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते ऐक. मला कळलंय, हे त्यांना कळता कामा नये. मास्तरांना दिलेला शब्द तू इतके दिवस पाळलास, तसाच आता मलाही एक शब्द दे आणि तोही पाळ. पुढे कधी गाडी तुझ्याकडे आली तर उमाळा येऊन ते पेडल काढून बिढून टाकू नकोस, लाल पट्टीलाही हात लावू नकोस. ऑपरेशन होवो न होवो, परतल्यावर विमानतळावरून घरापर्यंत गाडी मीच चालवणार आहे, आणि त्यांनी माझ्या शेजारीच बसायचंय. किल्ली फिरवण्याआधी मी विचारणार आहे, ब्रेक आहे ना? त्यांनी पाय ठेवून मला सांगायला हवं, आहे, काढ गाडी.

तुझीच,
अजूनही गिअर टाकताना जीभ बाहेर काढणारी धाकटी