शीळ कुठून येते

४ नोव्हेंबर, सोमवार

आवाज शोधायचा असेल, तर आधी बाकीचे सगळे आवाज बंद करायचे, असं अण्णा एकदा म्हणाले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. रेडिओ दुरुस्त करायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन, त्यांच्या टेबलाखाली बसून पडलेले स्क्रू वेचत होते. इतक्या वर्षांनी ते वाक्य आज आठवलं, कारण या नव्या घरात आवाजच नाहीत. रस्ता लांब, शेजार नाही, नळसुद्धा गळत नाही. सामान लावून आम्ही दोघी पलंगावर आडव्या झालो, तेव्हा कानावर एकच गोष्ट आली. खारूताईच्या छातीतली शीळ.

खारूताई ही माझी लेक, वय वर्षं नऊ. मिळेल ते खिशात साठवते म्हणून हे नाव. दमा तिला तिसऱ्या वर्षापासून आहे. शीळ माझी तोंडपाठ आहे: दोन लांब, मग एक अडखळ, अंधारात पायरी चुकावी तशी. ती ऐकत मला झोप लागते. थांबली तर जाग येते.

काम सोपं आहे. इथलं छातीच्या आजारांचं रुग्णालय बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण रुग्णांच्या कागदांनी भरलेली कपाटं तशीच आहेत. ते कागद संगणकावर उतरवायचे. ऑफिस खाली, राहायची खोली वर, मध्ये चौदा पायऱ्या. खारूताई म्हणाली, आई, उशीर झाला तर तू घरंगळत कामाला जाऊ शकतेस. खूप दिवसांनी मी मोठ्याने हसले.

६ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांनी आज सगळं समजावून दिलं. मनाने बरे वाटले, पण नियमाबाहेर पापणीही न हलवणारे. संगणक कधीही बंद करायचा नाही, मुख्य कार्यालयाशी जोडलेला असतो. वीज गेली तर यूपीएस दोन तास धरतो. एका रुग्णाला एक क्रमांक. रकाने पाच: नाव, वय, तक्रार, दाखल तारीख, निकाल. निकालात दोनच पर्याय, 'बरे होऊन घरी' आणि 'मृत्यू'. तो रकाना मात्र ते स्वतः भरणार, तेही डॉक्टरांच्या सहीचा कागद समोर असेल तरच. त्याचा पासवर्ड त्यांच्याकडेच असतो.

सरावासाठी एक नोंद करून बघा म्हणाले. मनात जे नाव पहिलं येतं ते टाकलं. लेकीचं. वय नऊ. तक्रार: दम लागणे, छातीत शीळ. दाखल तारीख आजची. आणि हात सवयीने 'जतन करा' वर गेला. रुग्ण क्रमांक २३१६.

काढायला गेले तर निघेना. साहेब म्हणाले, एकदा दाखल झालेला रुग्ण काढता येत नाही हो, तशी सोयच ठेवलेली नाही. राहू द्या, कोण बघतंय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल आणि परवा लेक शांत झोपली. शीळ नाही. पंपाला हात लावावा लागला नाही. सकाळी चौदा पायऱ्या दोनदा पळत चढली आणि वर येऊन मलाच विचारलं, दमलीस का गं आई? मी तोंड फिरवून डोळे पुसले. इथली हवा मानवली म्हणायची. सहा वर्षं डॉक्टर बदलले, उशा बदलल्या, घरं बदलली, आणि गुण यायचा तो इथे आला.

ऑफिसात मात्र संगणक कुरकुरतोय. टेबलाखालच्या सीपीयूमधून बारीक आवाज येतो. पंखा असेल. झाडायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, बाई, तुमच्या यंत्राला सर्दी झालीय, वाफ द्या. आधीची बाई होती तेव्हा गप गुमान असायचं म्हणे.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज अण्णांची रीत वापरली. खिडकी लावली. छताचा पंखा बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. स्पीकरची वायर उपसली. मावशींना पाच मिनिटं झाडू खाली ठेवायला सांगितलं. त्या कंबरेवर हात ठेवून, श्वास रोखून माझ्याकडे बघत राहिल्या. मी फरशीवर पालथी पडून सीपीयूच्या डब्याला कान लावला.

आवाज पंख्याचा नाही. पंखा एकसुरी घरघरतो. हा त्याच्या मागून येतो. लांब. लांब. मग थांबल्यासारखा होतो.

कुठेतरी ऐकलाय. आठवेना. साहेबांना सांगून दुरुस्तीवाल्याला बोलावलंय.

११ नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्तीवाला पन्नाशीचा, गप्पिष्ट, कपाळावर चष्मा ठेवून चष्माच शोधणारा. साहेबांची ताकीद होती म्हणून संगणक चालू ठेवूनच डबा उघडला. धुळीचा गोळा काढून म्हणाला, मॅडम, यात एक उशी झाली असती. एक-एक पंखा पेन्सिलीने थांबवून पाहिला. आवाज तसाच. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पॉवर सप्लायला आणि मूठ कानाला लावली. तिथेही नाही. मग हार्ड डिस्कला लावली आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. म्हणाला, आमचे वडील शेवटी-शेवटी असेच झोपायचे.

मग त्याने डिस्कची वायर ओढली. आवाज थांबला. सापडला चोर, असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझा फोन वाजला.

शाळेतून बाई बोलत होत्या. खारूताई फळ्याजवळ उभी होती ती तशीच खाली बसली. ओठ निळे. पंप देतोय पण आत जातच नाही, तुम्ही लगेच या. मी उठून चपला शोधायला लागले. दुरुस्तीवाल्याचं लक्ष नव्हतं. डिस्क बदलण्याआधी माहिती उतरवून घेऊ, असं पुटपुटत त्याने वायर परत खोचली. शीळ सुरू झाली. फोनवर बाई म्हणाल्या, थांबा, थांबा, उठली, हसतेय, पाणी मागतेय.

शाळेत पोचले तर खिशातल्या बिया मोजत बसली होती.

परत आले तर दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्कला काही झालेलं नाही. पैसे घ्यायला विसरला. मी हाक मारली तर मागे वळला नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. नळी लावून बराच वेळ ऐकत होते. म्हणाले, इतकी शांत छाती मी कधी ऐकली नाही, अभिनंदन. शाळेत चक्कर आली असेल, नाश्ता नीट देत जा.

आज सकाळी कडाक्याची थंडी होती. शाळेच्या फाटकाशी पोरं रांगेत उभी. बोलताना, खिदळताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. माझीही निघत होती.

तिच्या तोंडातून नव्हती.

तीही बोलत होती, खिदळत होती. तिच्या तोंडापुढची हवा तेवढी रिकामी.

संध्याकाळी खेळ म्हणून तिला आरशावर फुंकर मारायला सांगितलं. आरसा लख्खच राहिला. ती सहज म्हणाली, आई, मला आजकाल श्वास घ्यायची आठवणच राहत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

खात्री करायची होती. करायला नको होती.

तिला अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला सांगितलं आणि मी आत येऊन डब्याला कान लावला. खिडकीतून दोरीचा फटका ऐकू येत होता. पन्नासाव्या उडीला शीळ भरभर झाली. ती थांबली, आणि दोन मिनिटांत शीळही उतरली. लांब, लांब, मग अडखळ. पायरी चुकल्यासारखी.

मी आई आहे. सहा वर्षं हा आवाज ऐकत झोपले. आणि डब्यात गेला तर सहा दिवस ओळखला नाही.

२३१६ उघडून पाहिलं. चार रकाने भरलेले. मीच भरलेले. पाचवा रिकामा.

तिला मीच दाखल केलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेब पेढे वाटावेत तशा चेहऱ्याने आले. तुम्हाला नवा संगणक मंजूर झालाय म्हणाले. सोमवारी दहा वाजता माणसं येतील, हा बंद करतील, डिस्क काढून मुख्य कार्यालयात नेतील आणि माहिती उतरवून घेऊन ती कोरी करतील. तुमची कुरकुर संपली.

मी म्हटलं, बंद नका करू. कारण विचारलं. सांगितलं. सगळं.

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. समोर पाण्याचा पेला सरकवला, चार दिवस रजा घ्या म्हणाले, एकटीने मूल वाढवणं सोपं नाही.

मग निदान त्या नोंदीत निकाल भरा, म्हटलं. 'बरे होऊन घरी'. एवढंच. म्हणाले, कागद? सही? उद्या कुणी विचारलं, कुठल्या डॉक्टरांनी सोडलं, तर मी काय सांगू? इथले डॉक्टर जाऊन वीस वर्षं झाली, ताई.

पहिल्यांदाच ताई म्हणाले. म्हणूनच कळलं, हे ऐकणार नाहीत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पासवर्ड शोधतेय. त्यांच्या मुलांची नावं, जन्मतारखा, गाडीचा नंबर. तीन चुकले की तासभर कुलूप. मग परत तीन.

मावशी येऊन गेल्या. त्यांनी आपणहून वाकून डब्यावर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. म्हणाल्या, लहान आहे गं हे. आणि झाडू न मारताच गेल्या.

१७ नोव्हेंबर, रविवार

अंथरूण खाली आणलंय. ती टेबलाखाली, डब्याला पाठ लावून चित्र काढतेय. म्हणते इथे ऊब लागते.

दुपारी वीज गेली. यूपीएस बीप-बीप करायला लागला. दोन तास म्हणाले होते साहेब. पाऊण तासातच लाल दिवा — शीळ बारीक झाली — ती पेन्सिल हातातच धरून माझ्याकडे बघत राहिली, ओठ — आई म्हणायचं होतं तिला —

आली वीज. आली.

तिच्या खिशातून बिया सांडल्यात. वेचतेय मी.

अण्णा, सगळे आवाज बंद करत गेले तर शेवटी कुठला उरतो, ते का नाही सांगितलंत —

१८ नोव्हेंबर, सोमवार

साडेनऊ. दाराला आतून टेबल लावलंय. ती झोपलीय. शीळ आहे. लांब. लांब. अडखळ.

वही फाडून दाराखालून सरकवणार आहे. तोंडाने सांगून झालं, आता लेखी.

साहेबांस विनंती. रुग्ण क्रमांक २३१६, मुलगी, वय नऊ. निकालाच्या रकान्यात 'बरे होऊन घरी' एवढं भरावं. कागद नाही. सही नाही. हवी तर माझी घ्या, आईची. खोटी नोंद केल्याबद्दल जी काय शिक्षा असेल ती मला द्या, नोकरी घ्या. तुम्ही नाहीच म्हणाल. नियम आहे. माहीत आहे मला. तरी पुन्हा

दाराबाहेर माणसं आलीत. मेन स्विच बाहेर, जिन्याखाली आहे हे माझ्या लक्षात कसं नाही —

साहेब, त्यांना थांबवा. आधी तिला घरी सोडा, मग बंद करा, आधी तिला —