झाकलेलं उत्तर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आईलाही सांगा, जागी असेल तर.

मी ठणठणीत आहे. खोलीतला हीटर एकदाचा दुरुस्त झाला. तुमचा गुडघा कसा आहे? जिना सारखा चढू नका.

प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. प्रोटॉनच्या स्वतःभोवती फिरण्यात त्या ग्लुऑनचा वाटा किती, हे आम्ही इतकी वर्षं मोजत होतो. पण मनी वसे ते स्वप्नी दिसे, आपल्याला हवं तेच उत्तर दिसायला लागतं. म्हणून कॉम्प्युटर उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवतो. सगळं काम संपेपर्यंत खरं उत्तर आम्हालाही कळत नाही.

काल ते उघडलं. आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी आधी सगळ्यांना खुर्चीत बसायला लावलं. उत्तर आलं आणि आमची कल्पनाच चुकीची निघाली. बाई म्हणाल्या, "वाईट असलं तरी खरं आहे ना? मग झालं."

बाबा, मी सकाळी फोन केला तरी आई झोपलेली, संध्याकाळी केला तरी झोपलेली. तुम्ही मात्र आज भाजी काय केली ते सांगत बसता. आईनं तुम्हाला कधी गॅसला हात लावू दिला होता? तरी मी हूं हूं करते, कारण मलाही ती झोपलेलीच हवी असते.

आम्ही उत्तर झाकतो, पण एक दिवस उघडतोच. रविवारी फोन करीन. आधी खुर्चीत बसेन, मग नंबर लावीन. या वेळी आई झोपली आहे असं सांगू नका.

तुमची,
थोरली