फळ्यावर आलेले तीन निरोप

ता. ९, सोमवार, सकाळ

थोरल्या,

तू आणि सूनबाई धडधाकट असाल असं धरून चालते. माझे गुडघे जिथल्या तिथे आहेत, दुखतातही तिथेच. चौथीपर्यंतची माझी शाळा, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तुला लागेल एवढं बरं काढते. मधेच ठेवून देऊ नकोस. शेवटपर्यंत वाच.

तुझी लेक आत्ताच शाळेत गेली. आज तिला तो परीक्षेचा पाठ वर्गावर पुन्हा घ्यायचाय. शुक्रवारचा मोडला. आजचाही मोडला तर शिक्षिका होणं एक वर्ष लांबलं, आणि तिची मनःस्थिती बघता कायमचंच लांबलं म्हण. चहा अर्धा टाकून गेली.

शाळेत आता खडूचा फळा नाही. पांढराफटक फळा असतो आणि छताला एक प्रोजेक्टर टांगलेला. तापला की भुंग्यासारखा घुमतो. संगणकावर नाहीतर मोबाइलवर जे असेल ते फळ्यावर दाराएवढं होऊन उमटतं. हे शिकवायला कंपनीचा एक माणूस आला होता. शिकाऊ शिक्षिका सगळ्या एका खोलीत कोंबल्या, यानं भराभर बोटं फिरवली, कळलं ना म्हणून विचारलं आणि कुणी हात वर करायच्या आत वायरी गुंडाळल्या. मी तिथं असते तर त्याच वायरींनी त्याला खुर्चीला बांधला असता. शिकवायचा पगार घेतो आणि पळायची घाई.

मग पोरगी घरी शिकली. कपाटाचं दार हा फळा आणि मी वर्ग. आधी चित्र, त्याच्या खाली शब्द, ती बोट ठेवेल ते मी मोठ्यानं वाचायचं. मी मुद्दाम चुकायची. ती म्हणायची, "आजी, बाकावर उभी करीन तुला." मी म्हणायची, आधी बसल्या जागेवरून उठव, मग बाकावर चढव.

वर्ग दुसरीचा आहे. तिथं तिनं एक शिस्त लावली होती. फळ्यावर जे उमटेल ते सगळ्यांनी एका सुरात वाचायचं, बाई सांगतील म्हणून थांबायचं नाही. मुलांनाही ते आवडायचं. कोण आधी वाचतो याची चढाओढ लागायची.

शुक्रवारी तपासणीच्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. शाळेचा संगणक ऐन वेळी मेला, तिची चित्रं उघडेनात. दुसरी कुणी असती तर तिथंच रडली असती. हिनं स्वतःचा मोबाइल काढून फळ्याला जोडला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनं शोधलं होतं. झाड वाचून झालं, घड्याळ झालं. बदक आलं तेव्हा दोघं जण बाकातून बाहेर येऊन बदकासारखे चालले. तपासणीच्या बाईसुद्धा हसल्या म्हणे.

मी इतका वेळ त्या यंत्राला आणि कंपनीच्या माणसाला बोल लावतेय. तपासणीच्या बाईंनाही दोन दिवस मनातल्या मनात लाखोली वाहिली. सगळ्यांची वाहून झाली. आता तुझ्याकडे वळते.

मोबाइल जोडलेला असताना त्यावर निरोप आला तर तोही फळ्यावर उमटतो, हे तिला माहीत नव्हतं. पाठ चालू असेल हे तुला मात्र माहीत होतं. आणि तुझी खोड अशी की एक वाक्य पाठवायचं, मग दुसरं, मग तिसरं. टाचणीनं टोचल्यासारखं.

पाठ कसा झाला हे विचारायच्या आधीच पहिलं आलं, "घातलास ना घोळ." मुलांनी वाचलं. खणखणीत, एका सुरात, तिनं शिकवलं होतं तसं.

दुसरं आलं, "तू मठ्ठ आहेस." मुलं अडखळली. मग नीट जुळवून पुन्हा वाचलं.

मोबाइल टेबलावर होता, तो उचलायचं तिला सुचलं नाही. ती फळ्याकडे धावली आणि पाटी पुसावी तशी हातानं पुसायला लागली. उजेड पुसला जातो का? प्रोजेक्टरसमोर उभी राहिल्यावर तुझी अक्षरं तिच्याच कपाळावर आणि गालांवर पडली. तेवढ्यात तिसरं आलं, "घरी ये." तेही वाचून झालं.

मग एक मुलगी उभी राहिली. "बाई, याचं चित्र कुठंय?"

तिच्या शेजारचा म्हणाला, "त्या काय, बाईच."

वर्ग हसला. मुलंच ती, त्यांना काय कळतंय. तपासणीच्या बाईंनी पाठ थांबवला आणि सोमवारी पुन्हा घे म्हणाल्या.

हे तिनं मला भांडी घासताना सांगितलं, नळ मोठा सोडून. सांगून झाल्यावर हात पुसले आणि बॅग भरायला घेतली. बाबा म्हणतात ते बरोबर आहे, मी जाते, म्हणाली. मी विचारलं, बाबा असं कधीपासून म्हणतात? तर म्हणे, पाठ असला की पाठवतातच. आज हवा दमट आहे म्हणावं, तशा आवाजात.

तू म्हणशील, भल्यासाठी बोलतो, टोचल्याशिवाय ती हलत नाही. बैल आहे ती? आणि बैलाला तरी लोक इतकं टोचतात का? तुझ्या बापानं तुला असा शब्द कधी लावला नाही. मीही नाही. हे तू कुठून उचलून आणलंस ते तूच शोध.

शनिवारी मी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. म्हटलं, एक माणूस माझ्या नातीला निरोप पाठवून छळतो, त्याचा नंबर बंद कर. दुकानदारानं विचारलं, ओळखीचा आहे का? म्हटलं, माझ्या पोटचा आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला, पण त्यानं करून दिलं. तिच्या फोनवर आणि माझ्याही. दोन दिवस तुझा फोन लागत नाही तो यामुळे.

ती माझ्यावर भडकली. "आजी, बाबा आहेत ते." म्हटलं, आहेत ना, पळून थोडेच चाललेत? रात्रभर तोंड फिरवून झोपली. काल बॅग तिनंच रिकामी केली. मी बोटसुद्धा लावलं नाही.

दुपार

पोरगी आली. राहिलेलं लिहिते.

बाईंनी तिला सांगितलं होतं, छापील चित्रं घेऊन शिकव, चालेल. हिनं नको म्हटलं. वर्गासमोर उभं राहून पुन्हा तोच मोबाइल जोडला. शुक्रवारची ती मुलगी उठली, आज ते मठ्ठ येणार का म्हणून विचारलं. ही म्हणाली, "येणार नाही. आणि कधी आलंच, तर लगेच वाचायचं नाही. आधी विचारायचं, हे कुणी लिहिलंय." वर्गाला आता ही नवी शिस्त.

पास झाली. बाईंनी तिथंच सांगितलं. आता फरशीवर पाय पसरून झोपलीय, तोंड उघडं टाकून. दिसायला अगदी तुझ्यावर गेलीय, माझा नाइलाज आहे.

मला यावर तुझं उत्तर नको. यायचं असेल तर इथं ये. तिच्यासमोर बस, मी शेजारी बसते, आणि तो शब्द तिच्या डोळ्यांत बघून तोंडानं उच्चारून दाखव. नाही उच्चारता आला तर माफी माग. तोवर तुझा नंबर बंद राहील.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. हात तिथपर्यंत आला होता, उचलून घेतला.

तुझी जन्मदाती,
आई