तेवीस नंबरची खुर्ची

२० एप्रिल, रविवार. ईस्टर.
आजपासून रोज लिहिणार. इंजिनियरने नोंदी ठेवाव्यात, असं आमचे प्रोफेसर सांगायचे. कॉलेज सुटलं म्हणून चांगली सवय कशाला सोडा? शिवाय कॉलेज सुटलेलं नाही, थांबवलंय. "सुटलं" हा आईचा शब्द.
आल्वा म्हणाली, पुढच्या रविवारी आमच्याबरोबर मॅचला चल. वॉटरफर्ड विरुद्ध क्लेअर. मी टिपररी काउंटीचा, ती पुलापलीकडची, म्हणजे वॉटरफर्डची. मधे नदी, आणि आजोबांच्या आजोबांपासूनची हर्लिंगची, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाची, भांडणं. तरी तिने बोलावलं. तेही घरच्यांमध्ये बसायला. याचा अर्थ न कळण्याइतका मी बावळट नाही.
ठराव: पाहुण्यासारखं बसायचं. कुठल्याही खेळाडूबद्दल एक अक्षर काढायचं नाही.

२७ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७.
ठराव पहिली अकरा मिनिटं काटेकोर पाळला.
मग वॉटरफर्डच्या तेरा नंबरने ओळीने तीन चेंडू गोलच्या खांबांच्या बाहेर घालवले. त्यातला एक थेट पार्किंगमध्ये. यावर मी जे बोललो ते निव्वळ तांत्रिक होतं. याच्या हातातली हर्लिंगची काठी काढून घ्या आणि झाडू द्या, निदान मैदान तरी साफ होईल, असं काहीसं. आवाज थोडा मोठा असेल. माझा आवाजच तसा आहे.
पुढच्या रांगेतली बाई वळली. थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. म्हणाली, "घे बाळा, घसा सुकला असेल. सकाळी माझ्याच स्वयंपाकघरात दोन अंडी खाऊन गेला तो. तेव्हा हात चांगला चालत होता त्याचा."
तेरा नंबर म्हणजे दारा फेलन. ही त्याची आई, ब्रीडा. आल्वाची सख्खी काकू.
आता हे खरं की, आमच्याकडे पोराला चालायला लागल्यापासून शिकवतात: स्टँडमध्ये तोंड उघडण्याआधी पुढे बघ, मागे बघ, त्याची आई असते. मी बघितलंही होतं. पण ती विणत होती. मॅचला येऊन विणणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार?
ब्रीडाबाईंबरोबर नवरा नव्हता, डिनी त्याचं नाव. तो मॅचला आमच्यात बसत नाही, आल्वा म्हणाली. का, ते विचारायचं राहिलं. पूल येईपर्यंत गाडीत नुसता रेडिओ.
चहा मात्र फार चांगला होता.

२८ एप्रिल, सोमवार.
आल्वाला मेसेज पाठवला. उत्तर नाही. नर्सिंगची शेवटची परीक्षा जवळ आली आहे. साहजिक आहे.

२ मे, शुक्रवार.
उत्तर नाही. मेसेज एकूण नऊ. शेवटच्या मेसेजात मी दारा फेलनच्या पायांच्या ठेवणीतली चूक समजावून सांगितली, चित्र काढून. तिला कळावं की माझ्या बोलण्यात व्यक्तिगत काही नव्हतं.

४ मे, रविवार.
चर्चच्या भिंतीपाशी प्रार्थनेनंतर नेहमीची मंडळी. टिपररीचं काय चुकतंय यावर चर्चा. मी म्हणालो, बचावफळी दोन यार्ड पुढे उभी राहते, बाकी सगळं त्यातून येतं. कोणी ऐकलं नाही. मॉसी हर्न म्हणाला, "लेका, तू आधी कॉलेजात दोन यार्ड पुढे जाऊन दाखव." सगळे हसले. मॉसी कोऑपच्या दुकानात माझा वरिष्ठ आहे, म्हणजे वासरांचं खाद्य तो मोजतो आणि मी उचलतो. माझं विश्लेषण त्याच्या डोक्यावरून जातं, हे त्याने कधी मान्य केलेलं नाही.
दुपारी टिपररी हरली. दोन यार्ड. मी सांगितलं होतं.
स्थानिक रेडिओवर फोन लावून मुद्दा मांडला. पुलापलीकडेही हेच स्टेशन लागतं. आल्वा भांडी घासताना ऐकते. आवाज मुद्दाम समंजस ठेवला होता. चाळीस सेकंदांनी त्यांनी माझा फोन कापून गाणं लावलं.

९ मे, शुक्रवार.
कोऑपच्या फळ्यावर आल्वाची लाल गाडी विकायची असल्याची चिठ्ठी लागली आहे. फोटोत काचेवर अजून वॉटरफर्डचं स्टिकर आहे. चिठ्ठीवर तिचं अक्षर. मोठी गाडी घेणार असावी. लाल गाडीत माझे गुडघे डॅशबोर्डला लागायचे, हे तिच्या लक्षात होतं तर.
मॉसीने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "अरे, तिच्याशी बोललास का तू?" मी म्हणालो, आमचं बोलण्याच्या पलीकडे गेलंय. तो पोती मोजायला लागला.

११ मे, रविवार.
वॉटरफर्डही हरलं. आता २५ तारखेला थर्ल्सला शेवटची मॅच, टिपररी विरुद्ध वॉटरफर्ड. हरेल तो घरी. बरोबरी झाली तर दोघंही घरी, पण बरोबरी होत नाही. मी हिशेब करून पाहिलाय.
योजना: दोन तिकिटं. खांबांच्या मागचा स्टँड, बावीस आणि तेवीस. बावीस मी, तेवीस आल्वा. ती माझ्या शेजारी बसेल आणि मी सत्तर मिनिटं आणि वर जो काही वाढीव वेळ मिळेल तेवढा वेळ गप्प बसेन. माणूस बदलू शकतो, हे बोलून नाही, न बोलून दाखवायचं. यापेक्षा चांगली कल्पना मला आजवर सुचलेली नाही.

१४ मे, बुधवार.
पूल ओलांडून तिच्या दाराच्या फटीतून तिकीट आत टाकलं. बरोबर चिठ्ठी, फक्त चार पानी. आत कोणीतरी हसत होतं. ती घरी आहे याची खात्री झाली. घंटा वाजवली नाही. घाई माणसाला शोभत नाही.

१७ मे, शनिवार.
तिच्या घरापुढे अकरा गाड्या. पताका, केक, तिची सगळी नर्सिंगची गँग. मी फक्त पुलावरून पाहिलं, योगायोगाने, दोनदा. परीक्षा झाल्याची पार्टी. मला बोलावलं नाही, कारण आमचं पंचवीसला आहेच.
आई जेवताना म्हणाली, "लोर्कन, त्या मुलीबद्दल तुला काही सांगायचं होतं." मी म्हणालो, सांगू नकोस, मला सगळं माहीत आहे. तिने माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले. कारण नसताना.

२० मे, मंगळवार.
सराव. पोस्टमन आमच्या बचावफळीबद्दल वाटेल ते बोलत होता. मी तोंडात टॉफी धरून ऐकलं. चार मिनिटं. मग टॉफी गिळली गेली. पण चार मिनिटं म्हणजे प्रगती आहे. २५ साठी जास्त चिकट टॉफी आणणार.

२५ मे, रविवार. थर्ल्स. सकाळी ११.
बसने आलो. निळा शर्ट इस्त्री केलेला. खिशात अर्धा किलो टॉफी. चौकात दोन्हीकडचे लोक सॉसेजची सँडविचेस खात एकमेकांना शिव्या देत आहेत. मी कोणाशी वाद घातला नाही. आज माझं मन फार मोठं आहे.

तोच दिवस. रात्र, घरी.
क्रमाने लिहितो.
दोन वाजता बावीसवर बसलो. तेवीस रिकामी. मॅच सुरू. तेवीस रिकामी. मी टॉफी चावत होतो आणि जिन्याकडे बघत होतो.
दोन रांगा पुढे टोपीवाला एक म्हातारा. वॉटरफर्डचाच. तेरा नंबरने चेंडू सोडला की हा उठून ओरडायचा. "उचल ते पाय, गाढवा. तुझ्यापेक्षा आमचं फाटक लवकर हलतं." पहिल्यांदा मी टॉफी घट्ट चावली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला की तेरा नंबरला शर्टासकट भंगारात घाला.
मी उठलो. गप्प बसायचं ते दारा फेलनच्या विरुद्ध, त्याच्या बाजूने बोलायला काय हरकत? आल्वा जिन्यात असली तर तिच्या कानावर पडेल. मी म्हणालो, टोपीवाले, लाज वाटू द्या. तो पोरगा पहाटे उठून सराव करतो. त्याला घरदार आहे. तुमचं हे ऐकून त्याच्या बापाला काय वाटत असेल, याचा विचार केलात कधी?
सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. टॉफी माझ्या दाढेला चिकटली होती.
म्हातारा सावकाश वळला. म्हणाला, "बापाला वाटतं, त्याने पाय उचलावेत." आणि परत पुढे बघायला लागला.
कोणीतरी माझा शर्ट खाली ओढला. ब्रीडाबाई. हातात थर्मास, विणकाम आणि तेवीस नंबरचं तिकीट.
"बस रे बाळा," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी डिनीजवळ बसत नाही. तीस वर्षं झाली. आधी स्वतःच्या भावाला ओरडायचा, आता पोराला."
मी तिकिटाकडे बघत होतो. त्यांनी झाकणात चहा ओतला.
"मंगळवारी विमानतळावर निघताना दिलं तिने मला. काकू, वाया घालवू नकोस म्हणाली. पर्थच्या हॉस्पिटलात लागली आहे. दोन वर्षांचा करार." मग झाकण माझ्या हातात देऊन, "तुला कोणी सांगितलं नाही का रे?"
मी म्हणालो, माहीत होतं.
"चिठ्ठी वाचली होती हो तिने," त्या म्हणाल्या. "सगळी."
मी विचारलं नाही, मग काय म्हणाली. सुया चालू होत्या. खाली डिनी ओरडत होता, माझ्या आजूबाजूला हजारो लोक उठत होते, बसत होते. मी झाकण दोन्ही हातांत धरून चहा पीत राहिलो. गप्प. मला वाटतं, तासभर तरी एक अक्षर काढलं नसेल. ज्याच्यासाठी सराव केला होता ते जमलं.
बरोबरी झाली. दोघंही बाहेर.

१ जून, रविवार. दुपारी १२.
चर्चच्या भिंतीपाशी आठवडाभराचा वाद अजून संपलेला नाही. टिपररीचा शेवटचा चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून? पंचाने बाहेर दिला. आत असता तर आपण पुढे गेलो असतो. टीव्हीवरही नीट दिसत नाही.
मॉसीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "थांबा. हा बसला होता खांबांच्या बरोब्बर मागे. लोर्कन, तू सांग गड्या. तू म्हणशील ते आम्ही धरू."
पंधरा-वीस माणसं माझ्याकडे वळली. पोस्टमनसुद्धा. जन्मात पहिल्यांदा.
मी म्हणालो, मला दिसलं नाही.
मॉसीने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने मंडळीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाला, याच्या डोळ्यांवर ऊन होतं, त्या स्टँडला दुपारी फार ऊन येतं. त्या दिवशी ढग होते.
पर्थमध्ये आत्ता संध्याकाळचे सात.